शालनमावशीने भरलेला चुडा

शालनमावशी बांगड्या भरायला बसली की आधी हात बघायची. मापासाठी नव्हे, माप तिला लांबूनच कळायचं. हात उजेडात ओढायची, पालथा करायची, उताणा करायची, बोटांच्या बेचक्यांत डोकावायची. तिला जाऊन आता वर्ष झालं, पण मांद्र्यातल्या आमच्या वाड्यावरच्या बायका अजून म्हणतात, आमची खरूज आमच्या नवऱ्यांच्या आधी शालनला कळायची.

खोटं नाही ते. मासळी कापून कुजलेली बोटं, गेस्ट हाऊसच्या चादरी धुऊन साबणाने सोललेले तळवे, सगळं तिच्या मांडीवर यायचं. मग ती कानाशी येऊन पुटपुटायची, "हो नायटो आसा गो. दुकानातली ट्यूब फासू नको. डॉक्टराक दाखय." एकदा कोडाचे डाग असलेली एक सून पदराखालून हात काढेना. मावशीने तो स्वतःच ओढून घेतला. "लज कसली? कातडा भायर आसता म्हणान दिसता. भितर कोणाचा काय कुसता, ता कोण बघता?" आणि त्या दिवशी त्या हातात बांगड्या भरायला तिने मुद्दाम दुप्पट वेळ लावला.

माझ्या लग्नाचा चुडाही तिनेच भरला. आमच्याकडे तो लग्नाच्या दोन दिवस आधी भरतात. पडवीत माणसांची ही गर्दी! माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा फिकट डाग होता. शिबं आहे म्हणून आई त्यावर टाकळ्याचा पाला चोळायची. खाजत नव्हता, दुखत नव्हता, मग कोण कशाला लक्ष देतंय!

भरता भरता एक बांगडी वाढली आणि काच नेमकी त्या डागात रुतली. रक्त आलं. मी मामेबहिणीची थट्टा करण्यात दंग. मावशीचे हात थांबले.

"दुखला नाय तुका?"

"काय ते?" मी म्हटलं आणि मग रक्त पाहिलं.

तिकडे आत्याने अपशकुन म्हणून सुस्कारा सोडला. चुड्याची बांगडी 'फुटली' असं कुणी म्हणतसुद्धा नाही, पण मावशी फाडकन बोलली, "काच ती, फुटतलीच!" पदराने रक्त पुसून तिने उरलेल्या बांगड्या मुकाट्याने भरल्या. जाताना आईला म्हणाली, "वयनी, दोन कांकणां कमी पडली. फाल्यां सकाळी चेडवाक पेडण्याक धाड." मावशीला कधी बांगड्या कमी पडल्या होत्या? पण लग्नघरात कुणाला तेवढा विचार करायला सवड!

दुसऱ्या दिवशी पेडण्याला ती मला थेट सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले. कापसाची वात हाताला लावायच्या आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायच्या. सगळीकडचं मी बरोबर दाखवलं. डागावर त्यांनी तीनदा वात फिरवली, मला एकदाही कळलं नाही.

कुष्ठरोग. अगदी सुरुवात आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या इथेच फुकट मिळतात, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, असं बाई शांतपणे समजावत होत्या. मला फक्त उद्याचा मांडव दिसत होता.

बाहेर बाकड्यावर बसून मी मावशीचे पाय धरले. "कुणाला सांगू नकोस. लग्न होऊ दे, मग बघू."

ती चिडलेली मी तेव्हाच पाहिली. "म्हज्या आवशीक हाच जाला. तिने लपयला, आमी लपयला. बोटां वाकडी जाली, मगे तिका मांगरात ठेवली. एकटी मेली ती, शेतातल्या खोपीत. आता गुळयो फुकट गावतत, आनी तू लपयतलंस?" तिने मोबाईल माझ्या हातात कोंबला. "फोन लाव घोवाक. नाय म्हणालो तर आज म्हणूंदे."

होणाऱ्या नवऱ्याला, उमेशला, मी तोवर तीनदाच भेटले होते. कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "थांब, येतो." सुर्ल्याहून मोटारसायकलवर आला आणि आमच्याकडे न बघता सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरला. अर्धा तास बाहेर आला नाही. मी चुडा पदराखाली झाकून बसले होते, परत द्यावा लागणार म्हणून.

आला तो डोकं खाजवत. "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारायचं राहिलं."

"जा, इचारून ये," मावशी म्हणाली. आणि तो खरंच परत आत गेला! मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

लग्न झालं. उमेशने सासूबाईंना सगळं आधीच सांगितलं होतं. त्या वाईट नव्हत्या, एक शब्द लागेल असा बोलल्या नाहीत. पण माझं ताट आणि ग्लास न्हाणीशेजारच्या फळीवर वेगळे असत. उमेश भांडायला उठला की मीच त्याला गप्प करी. मावशीला मात्र फोनवर सुगावा लागला. "तुजा ताट खंय आसता गो?" तिने विचारलं आणि मी विषय बदलला.

आठवड्याभरात दोन बस बदलून मावशी सुर्ल्याला हजर. सासूबाईंच्या हातांचं तोंडभर कौतुक करत बांगड्या भरल्या. मग मला म्हणाली, "चेडवा, पाणी हाड. तुज्या ग्लासात."

मी फळीवरच्या ग्लासात पाणी आणलं. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, मग आणखी मागून तेही प्यायली. "वयनी, पावसाळो सरल्यार माका बघूंक येया. काय जाला आसात तर तुमी खरी," म्हणाली आणि पेटी उचलून चालती झाली.

ग्लास घेऊन मी न्हाणीकडे वळले, तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. कळशीतलं पाणी भरून उभ्याउभ्याच प्यायल्या. नंतर तो घरच्या भांड्यांत पालथा घातला आणि भात बघायला गेल्या.

मी मावशीला फोन लावला. ती अजून बसमध्येच होती. हुंदक्यांमुळे मला धड सांगता येईना. तिने मला पोटभर रडू दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गो, उकाडो कितको आसा! म्हातारेक पाण्याची तान लागली आसतली."