दादाचा गोल

नातवाच्या नव्या फुटबॉलला चामड्याचा वास आला आणि म्हसावदचं मैदान आठवलं. मी पुण्याला कॉलेजात शिकत होतो, म्हणून सुट्टीत गावच्या सामन्याचा पंच मलाच केलं. समोर नवापूरचा संघ होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या थोरल्या भावाच्या हाताला लागून आत गेला. मी ते पाहिलं, तरी गोल दिला. गाव नाचू लागलं.

दादा मात्र सरळ माझ्यापुढे आला. "गोल नही शे. चेंडूले मन्हा हात लागना. तुले दिसनं ना?"

मी हातातली शिट्टी खिशात टाकली.

"नही," मी म्हणालो.

दादाने चेंडू उचलून नवापूरच्या गोलकीपरला दिला. घरी त्याने तो विषय कधीच काढला नाही. तेव्हा वाटलं, सुटलो. आता कळतं, माझं खोटं त्याने तिथेच ओळखलं होतं.