खाडाखोड नसलेला कागद

पार्लरवालीचं तोंड बंद असतं, हेच तिच्या धंद्याचं खरं भांडवल. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागतं. दोरा दातांत असला की बोलता येत नाही, आणि मान मागे टाकून, डोळे मिटून पडलेल्या बाईला तर गप्प राहवत नाही. वीस वर्षं या पार्लरवालीनं असा दोरा दातांत धरून अख्ख्या गल्लीच्या सासवा, गुडघे, जावई आणि भानगडी ऐकून घेतल्या. त्यातला एक शब्द कुणाला तिच्याकडून काढता आला नाही. गल्लीतल्या काही जाणकारांना याचं फार दुःख होतं. माल एवढा, आणि दुकान कायमचं बंद!

मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा बाईंनी एक वेगळाच उद्योग केला. बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. मानसशास्त्राची पदवी, त्यातही मानसिक आरोग्य हा खास विषय. दुपारी दोन ते पाच पार्लरला कुलूप. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, 'अर्धी डॉक्टर'.

"अर्धी डॉक्टर, बघ गं, आमचे हे वेडे आहेत का?" असं विचारत एकेक जण खुर्चीत बसायची. ही दोऱ्याआडून नुसतं "हूं" करायची. त्या 'हूं'चा अर्थ जी ती आपल्या सोयीनं लावून घ्यायची आणि समाधानानं घरी जायची.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल माणूस. अबोल म्हणजे किती, तर लिफ्टमध्ये अडकलेल्याला बाहेरून फक्त "आलो" म्हणायचा. "थांबा" कधी म्हणाला नाही. अडकलेला जाणार कुठे? घरी "जेवायला दे" आणि "निघतो" एवढ्यावर भागायचं. तिला त्याची कधी काळजी वाटली नाही. काळजी करण्यासारखं त्या माणसाकडे काही असेल, हेच मुळात डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकं आली. प्रत्येकानं बाहेरचा एक माणूस शोधायचा, त्याला 'प्रयुक्त' म्हणायचं, आणि त्याच्याकडून चाचण्या भरून घ्यायच्या. त्यात एक खिन्नता मोजायची प्रश्नावली होती. एकवीस प्रश्न, प्रत्येकाखाली शून्य ते तीन गुणांची चार वाक्यं, लागू पडेल त्या आकड्याला गोल करायचा. हिनं प्रयुक्त म्हणून नवऱ्याचं वय लिहून टाकलं. पण त्याला एवढं बसवणार कोण?

शेजारच्या बाकावर एक विशीतली पोरगी बसायची. पुस्तकातल्या सगळ्याच ओळी रंगवून ठेवायची म्हणून तिला सगळे हायलायटर म्हणायचे. ती म्हणाली, "काकू, त्यांना कशाला त्रास? सगळे घरी बसून आपणच भरतात. तुम्ही तर एवढी वर्षं संसार केलाय. तुम्हाला उत्तरं पाठ असतील."

पाठच होती. झोप: उत्तम, शून्य. भूक: शून्य. रडू येणं: शून्य, या माणसाला साधं शिंकतानाही कुणी पाहिलं नव्हतं. जगणं नकोसं वाटणं: शून्य. अगदीच कोरं दिसू नये म्हणून थकव्याला दोन आणि चिडचिडीला दोन दिले. बेरीज चार. निष्कर्ष: प्रयुक्त निरोगी आहे. पाच मिनिटांत काम फत्ते!

मॅडमनी कागद उजेडाकडे धरला. या मॅडम वर्गात कधी आवाज चढवायच्या नाहीत, म्हणून सगळे त्यांना जास्तच घाबरायचे.

"कुणी भरलाय?"

"मिस्टरांनी."

"एकवीस प्रश्न, आणि एकही खाडाखोड नाही. माणूस स्वतःबद्दल लिहायला बसला की खोडतो हो. आधी बरं वाटेल ते लिहितो, मग खरं लिहितो." त्यांनी कागद परत केला. "उद्या खरा आणा."

बाईंचे कान तापले. चोरी पकडली गेली ती या वयात, तीही हायलायटरच्या देखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी तिनं नवा कागद ठेवला. "अहो, एवढं भरून द्या. माझे गुण अडलेत."

"नाव घालायचं?"

"नाही. फक्त वय."

"मग ठीक," तो म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढली. ती ओट्यापाशी भांडी पुसत राहिली. पाच मिनिटं झाली, वीस झाली. तिच्या मनात आलं, बिलं करायची सवय, अक्षर लावून भरत असेल. त्यानं कागदाची चार घड्यांची पुडी केली, तिच्या पर्समध्ये ठेवली, "निघतो" म्हणाला आणि गेला.

अकराच्या सुमारास पार्लरमध्ये एक गिऱ्हाईक उठलं, दुसरं यायचं होतं. तिनं सहज पुडी उघडली आणि उभ्या उभ्या बेरीज करायला लागली. अर्ध्यातच बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चौतीस.

झोपेला तीन. म्हणजे रोज डोळे मिटून पडून राहतो तो माणूस नुसताच पडून राहत होता? रडण्याखाली गोल केलेलं वाक्य होतं, रडावंसं वाटतं पण येत नाही. आणि नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याचा. त्यानं आधी शून्याला गोल केला होता. मग तो गोल इतका खरडून काढला होता की कागद फाटायला आला होता. आणि दोनला गोल केला होता. दोनपुढचं वाक्य तिला पाठ होतं. स्वतः कागद भरताना तिनं ते न वाचता ओलांडलं होतं.

आरशात बघितलं तर दोन खुर्च्यांच्या मध्ये कुणी भलतीच बाई उभी होती.

तिनं फोन लावला. लागत नव्हता. लिफ्टच्या पोकळीत फोन लागत नाही, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. आज मात्र ते 'संपर्क होऊ शकत नाही' तिनं तीनदा ऐकलं. तिनं मॅडमना लावला.

"आत्ता कुठे आहेत ते?" मॅडमनी विचारलं.

"कामावर. चौदा मजली इमारत आहे. वर... उंचावर असतात हो ते."

"तिकडे जा. त्यांना एकटं ठेवू नका. आणि सरळ विचारा, आडून नको. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, हे तुम्हीच परीक्षेत लिहिलंय. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते."

लिहिलं होतं खरं. दहापैकी नऊ गुण होते.

इमारतीच्या दारात वॉचमन खुर्चीत पाय हलवत बसला होता. "लिफ्टवाले? वर आहेत, चौदाव्यावर. पण लिफ्ट बंद आहे हो ताई, दुरुस्ती चालू आहे," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

ती जिन्यानं निघाली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं बंद दार, आणि दारामागे ती पोकळी. तिसऱ्यावर तिला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी त्यानं विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते दाखवलं होतं. ती म्हणाली होती, परीक्षा झाल्यावर दाखवा. पाचव्यावर वाटलं, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती कठडा धरून उभी राहिली. पुन्हा आवाज नाही. आवाज नाही याचीच जास्त भीती वाटली. नवव्यावर चप्पल तुटली, तिथेच टाकली. अकराव्यावर हाक मारावीशी वाटली, पण दचकून त्याचा तोल गेला तर? तोंडावर हात दाबून ती चढत राहिली.

चौदाव्यावर दार उघडं होतं, समोर पिवळी आडवी दांडी, आत अंधार. लिफ्टच्या टपावर तो पाठमोरा उकिडवा बसला होता. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या कमरेच्या सुरक्षापट्ट्याचा हूक पाहिला. हूक वरच्या लोखंडी तुळईला लावलेला होता.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली.

"अगं? तू? पार्लर?"

"बाहेर या आधी."

"दोन नट राहिलेत."

"बाहेर या म्हणते ना!"

तो आला. दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. तो फडक्यानं एकेक बोट पुसत होता. जगभरच्या बायकांचं ऐकून घेणारी ही, हिला विचारायची सवयच नव्हती. शेवटी चाचणीतलं वाक्य होतं तसंच बाहेर पडलं.

"तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?"

पाचही बोटं पुसून झाली. "येतात."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. रोज नाही."

"काही ठरवलंयत?"

"ठरवलं नाही. म्हणून तर हूक लावतो." मग म्हणाला, "आज तो कागद भरल्यापासून दोनदा तपासला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दिवसभर लोकांचं ऐकून येतेस. आणि आली की अभ्यासाला बसतेस."

"कसला अभ्यास!"

"हाच," तो म्हणाला. "मनाचा."

तिनं त्याची अवजारांची पिशवी उचलली. ती किती जड असते, हे तिला तेव्हा कळलं. दार बंद करून, कुलूप लावून दोघं चौदा मजले पायी उतरले. नवव्यावर त्यानं तिची चप्पल उचलून घेतली.

तो कागद जर्नलमध्ये लागलाच नाही. मॅडम म्हणाल्या, हा कागद गुणांचा नाही. बाईंना गल्लीतल्या सगळ्यात बोलक्या बाईला प्रयुक्त करावं लागलं. तिनं एकवीस प्रश्नांना दीड तास लावला आणि कागदाची अशी काही चाळण केली की मॅडम खूश झाल्या. नवऱ्याच्या गोळ्या चालू झाल्या, दर गुरुवारी समुपदेशकाकडे बसणं चालू झालं. दोन महिने कामावरच्या साहेबांनी त्याला वर पाठवलं नाही, खाली वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटारी उघडायला बसवलं. मग सोबत जोडीदार देऊन पुन्हा वर पाठवायला लागले. बरा आहे, असं डॉक्टर म्हणतात. तो स्वतः म्हणतो, "बघू."

आता तासातासाला तो पोकळीतून बाहेर येतो आणि तिला मिस्ड कॉल देतो. उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा. गल्लीला अजून याचं कारण माहीत नाही, आणि ती सांगणारही नाही. गिऱ्हाइकांना एवढंच दिसतं की बारा वाजून गेले आणि फोन वाजला नाही की हिचा हात मंदावतो. बारा-पाचला दोरा थांबतो. एक भुवई कोरलेली, दुसरी तशीच, डोळे मिटलेले, आणि खुर्चीतली बाई विचारते, "काय गं, झोपलीस की काय?"

दोरा दातांत आहे, नजर फोनवर.