उखर्डूची पेटी

तुकईथडच्या मथुराबाईनं मरणाला एकदा फसवलं होतं, आणि त्याचा तिला जन्मभर तोरा होता. तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तेव्हा तिनं सुईणीला सांगितलं, याला सुपात घाल आणि उकिरड्यावर ठेवून ये. शेजारच्या बाईनं पसाभर कोंडा देऊन ते पोर तिथून विकत घेतलं आणि परत आणून मथुराबाईच्या ओटीत टाकलं. नाव ठेवलं उखर्डू. उजवी नाकपुडी टोचून तीत तांब्याची बाळी अडकवली. उकिरड्यावर टाकलेल्या, कोंड्याच्या मोलानं आणलेल्या पोराकडे मरण कशाला ढुंकून बघतंय? आणि खरंच पोर जगलं. गोवर आला तसा गेला. साप चावला तोही बिनविषारी निघाला. बाप मोतीलाल तापानं गेला, पण उखर्डूला साधी शिंकसुद्धा टिकत नव्हती. कोणी पोराच्या नावाला हसलं की मथुराबाई म्हणायची, "हस बाई. तुह्या पोराचं नाव चांगलं आहे न, मग त्याले जप."

असा हा उखर्डू पंचेचाळीस साली फौजेत गेला, आणि जाताना एक चूक करून गेला. चूक त्याच्या बायकोची, गोदाची. ती शाहपुरची, बाजारपेठेच्या गावात वाढलेली. तो निघायच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ती त्याला म्हणाली, "साहेबापुढं उखर्डू सांगसान तर चार लोक हसतीन. एखादं चांगलं नाव सांगा न." तिच्या माहेरच्या गल्लीत विनायक नावाचे मास्तर राहायचे, कडक इस्त्रीचा सदरा घालायचे. उखर्डूला ते नाव आवडलं. भरतीच्या कागदावर तो विनायक मोतीलाल झाला आणि बाळीही काढून खिशात ठेवली. घरी आईला मात्र दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला. एकेक संस्थान सामील होत होतं, आणि काश्मिरापायी लढाई जुंपली. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात डाकवाला वामन तार घेऊन मथुराबाईच्या दारात उभा राहिला. त्यानं ती चाचरत वाचली. शिपाई विनायक मोतीलाल लढाईत कामी आले होते.

मथुराबाई कपाशीचं बी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पत्ता चुकला तुहा. आमच्या घरात विनायक कोणी नाही."

गोदा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "आत्याबाई," ती म्हणाली, "ते विनायकच आहेत." आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

मथुराबाईला क्षणात सगळं कळलं. कळलं म्हणूनच ती पेटली. "मंग तुहा विनायक मेला असंन," ती म्हणाली. "माहा उखर्डू नाही मेला. वामन, लिही त्याच्यावर, या घरात विनायक नावाचा कोणी नाही. अंगठा देते मी."

तिनं अंगठा दिला आणि तार परत गेली. पुढं सरकारची दोन पत्रं आली, तीही तशीच अंगठा लावून माघारी पाठवली. गोदाच्या हातातल्या बांगड्या काढायला भावकीतल्या बाया आल्या, तर त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं. बांगड्या राखल्या, पण गोदाशी बोलणं टाकलं. साधं पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून म्हणायची, कोणी पाणी देईल का. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. उखर्डू म्हणून मरणाला सापडला नसता, विनायक झाला आणि सापडला. हिनं त्याचं नाव मरणाला सांगितलं. असा राग एकाच चुलीवर शिजवत दोघींनी वर्ष काढलं.

मग बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागचा गिरधर आला. उखर्डूच्याच पलटणीतला, एक पाय किंचित ओढत चालणारा. ओसरीवर बसून त्यानं सांगितलं, वर बर्फात ठाणं होतं, पहाटे गोळी लागली, फार हाल झाले नाहीत. मथुराबाई दाणे पाखडत ऐकून न ऐकल्यासारखं करत होती.

"त्याच्या नाकाच्या भोकावरनं आम्ही लई चिडवायचो," गिरधर म्हणाला. "नथ कुठं ठेवली म्हणायचो. तो म्हणे, हे माह्या मायनं मरणाले हाकलाले पाडलं आहे, तुमच्यापाशी आहे का असं काही?"

मथुराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आपलं पोर आपल्याला लाजत होतं असं वर्षभर तिच्या काळजात सलत होतं. तसं नव्हतं तर.

"काकी, त्याची पेटी बुऱ्हाणपूरच्या कचेरीत येऊन पडली आहे," गिरधर उठता उठता म्हणाला. "कोणी वारस उभा राहिला नाही तर या महिन्याअखेर परत जाईन. मंग ती कोणाचीच नाही."

दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं गाडी जुंपायला लावली. गोदा न विचारता मागं चढली. गाडीत आणि पुढं मोटारीत दोघी शेजारी बसल्या, पण एक शब्द नाही.

कचेरीतला नंदकुमार बाबू माणूस वाईट नव्हता, कागदाचा होता. त्यानं फाइल उघडून तीन कागद तिच्यापुढं पसरले. तिन्हींवर तिचाच अंगठा.

"बाई, तुम्हीच तर लिहून दिलं, विनायक कोणी नाही म्हणून. वरून पटवाऱ्याचा दाखला सांगतो, मोतीलालला एकच मुलगा, उखर्डू. आता ही पेटी मी कोणत्या हिशोबानं देऊ? कायदा पण काही चीज आहे न."

पेटी त्याच्या मागंच होती. हिरवी, पत्र्याची, कोपरा चेपलेली. मथुराबाईनं ती पाहिली आणि तिचा पदर कमरेला गेला.

"भरतीच्या वक्ती अंगावरची खूण लिहितात का नाही?"

"लिहितात न."

"वाचा मंग."

बाबूनं पानं उलटली. "उजव्या नाकपुडीला छिद्र."

"ते सोनारानं पाडलं. मांडीवर मी धरलं होतं त्याले, बारा दिवसांचा होता. रडला नाही." तिनं पेटीवर बोट रोखलं. "तो माहा उखर्डू आहे. काश्मिरात मेला."

वर्षभर जे तोंडातून निघू दिलं नव्हतं ते कचेरीत, चार परक्या माणसांदेखत निघालं. गोदानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बाबूनं चष्मा काढून पुसला. "मानलं, बाई. पण कागदावर कारण तर लिहावं लागते. नाव कोणी बदललं? का बदललं?"

गोदा पुढं सरकली. अपराध कबूल करायला ती वर्षभर जागा शोधत होती. "साहेब, ते—"

"मी," मथुराबाई म्हणाली. "मीच सांगितलं त्याले निघताना, विनायक सांगजो म्हणून. उखर्डू मी ठेवलं, विनायक बी मीच ठेवलं. माय आहे मी त्याची. दोन्ही लिहा, अन् दोन्हीच्या खाली माहा अंगठा घ्या. ते पहिले तीन खोडून टाका, ते रागाचे आहेत."

बाबूनं लिहिलं. खोडता येत नाही म्हणाला, पण तिन्हींवर आडवी रेघ मारून बाजूला सही केली. मथुराबाईनं चौथा अंगठा दिला आणि शाईचं बोट भिंतीला पुसलं.

पेटी जड होती. कचेरीतला शिपाई उचलायला आला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. एका बाजूची कडी तिनं स्वतः धरली. दुसरी तशीच लोंबत होती. गोदा जागची हलत नव्हती.

"गोदे," मथुराबाई म्हणाली, "धर तिकडून."