फोल्डिंग खात्याचे मास्तर

‘जेवना का रे?’

कोणी कितीही तणतणत समोर येऊन उभा राहो, मास्तरांचा पहिला प्रश्न हाच. आमच्या अहिराणीत ‘जेवलास का’ असं विचारायची ही रीत. उत्तर मिळेपर्यंत ते पुढचं काही ऐकून घेत नसत. भांडायला आलेला माणूस ‘नाही’ म्हणाला, तर त्याला आधी डबा उघडायला लावत. ‘हो’ म्हणाला, तर भाजी कोणती होती ते विचारत. भाजीचं सगळं सांगून होईपर्यंत निम्मा राग ओसरलेला असे. तुम्हीही करून पाहा. वांग्याच्या भरिताबद्दल बोलताना माणसाला ओरडता येत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेला उधन्यातल्या एका साड्यांच्या मिलमध्ये मी माल रवाना करायच्या ऑफिसात होतो. माझ्या खिडकीसमोरच फोल्डिंग खातं होतं. छापून, धुऊन आलेली साडी तिथे तपासायची, तिची घडी घालायची आणि पिशवीत भरायची. कामगार बहुतेक लिंबायतला राहणारे, मूळचे धुळे-जळगावकडचे. मीही धुळ्याचाच, त्यामुळे खात्यात काय चाललंय ते मला खिडकीतून दिसायचं आणि चहाच्या टपरीवर ऐकूही यायचं.

आधीचा मास्तर आवाजाचा धनी होता. साडीवर डाग सापडला की समोर दिसेल त्याला त्या दिवसापुरतं घरी हाकलायचा. परिणाम काय झाला असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. डाग सापडेनासे झाले. डाग होते तिथेच होते, फक्त घडी अशी घातली जाई की ते आत जावेत. ते दिसायचे थेट व्यापाऱ्याच्या दुकानात.

तो गेला आणि हे आले. बुटके, गोल, नाकावरून सतत घसरणारा चष्मा, आणि तो पुसायला हाताशी येईल ती साडी. पहिल्याच आठवड्यात त्यांना घडीत दडवलेला डाग सापडला. ती घडी कोणी घातली, हे त्यांनी विचारलं नाही. दारापाशी उजेड चांगला येतो तिथे एक जुनं टेबल ओढून आणलं आणि म्हणाले, “डाग दिसला, भोक दिसलं, तर साडी इथं आणून ठेवा. कोणाच्या हातून झालं ते सांगू नका. मला ऐकायचंच नाही.”

बरेच दिवस टेबल रिकामंच राहिलं. लोकांना तो सापळा वाटला. मग एका सकाळी मास्तरांनी चष्मा पुसता पुसता एका कोऱ्या साडीवर चहा सांडला. सगळं खातं बघत होतं. मास्तरांनी ती साडी उचलली, टेबलावर नेऊन ठेवली, आणि शेठ फेरीला आले तेव्हा सर्वांसमक्ष म्हणाले, “हाई चूक मनी शे.” म्हणजे ही चूक माझी आहे. शेठ सुरती, त्यांना अहिराणी कुठली कळायला? पण खात्याला कळली. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर साड्या येऊ लागल्या.

ते काही देवमाणूस नव्हते. दुपारी जेवणानंतर खुर्चीत घोरायचे. कोणी सांगितलेलं गुपित त्यांच्या पोटात संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. रजा नाकारणं तर त्यांना जमतच नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जवळजवळ सगळेच गावाकडे जायला निघत, आणि मास्तर सगळ्यांनाच ‘जा’ म्हणत. मग खात्यात उरलेली चार माणसं आणि स्वतः मास्तर घड्या घालत बसायचे. त्यांची घडी भयंकर वाकडी. ते पाणी प्यायला उठले की शेजारचा गुपचूप ती मोडून पुन्हा घालायचा. हे मास्तरांना माहीत होतं, कारण ते पाणी प्यायला जरा जास्तच वेळा उठायचे.

खरी कसोटी लागली ती लग्नसराईत. परगावच्या मोठ्या व्यापाऱ्याचा माल निघायचा होता. ट्रक फाटकात उभा होता. सुकलाल नावाचा एक अबोल माणूस घडी घालता घालता थांबला. त्यानं घामाचा हात साडीला पुसला होता आणि तळहात लाल झाला होता. रंग पक्का बसलाच नव्हता. सुकलाल उठला, मास्तरांपाशी गेला आणि काही न बोलता नुसता हात पुढे केला. मास्तरांनी तो हात पाहिला आणि सगळं भरणं थांबवलं.

शेठ धावत आले. “माल किसने रोका?”

सुकलाल एक पाऊल पुढे आला. त्याच्या कानशिलापासचा घाम मला खिडकीतून दिसत होता.

“शेठ, खाना खाया?” मास्तर म्हणाले.



“मास्टर, मजाक करते हो? जो वापस आएगा, देख लेंगे. इस आदमी को घर भेजो!”

मास्तरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते सुकलालच्या पुढे येऊन उभे राहिले. “सुबह माल मैंने पास किया, शेठ. गलती मेरी. इसने तो बताया. इसको निकालोगे, तो कल से कोई नहीं बताएगा.”

“तो फिर तुम जाओ,” शेठ म्हणाले. रागाच्या भरात माणूस बोलतो तसं ते बोलले. पण इतक्या लोकांसमोर बोलल्यावर मागे घेता येईना. मास्तरांची रवानगी शहराबाहेर, इच्छापोरच्या गोदामावर झाली. ट्रक भरून गेला.

मास्तरांच्या जागी शेठचा मेहुणा आला. संप झाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. लोक वेळेवर येत, सांगितलं तेवढं करत, वेळेवर जात. फक्त खात्यातलं बोलणं बंद पडलं. दारापाशी ठेवलेल्या टेबलावर मेहुण्यानं पंखा ठेवला.

मग माल परत येऊ लागला. आधी तो लाल, त्यानंतर दुसराही. एक दिवस शेठ स्वतः खात्यात येऊन बसले. हातात भोक पडलेली साडी होती. “इतना बड़ा छेद किसी को दिखा नहीं?”

शेवटी सुकलालच म्हणाला, “दिखा था, शेठ. सबको दिखा था.”

“फिर बोला क्यों नहीं?”

“किसको बोलते?”

शेठनी ती साडी बाजूला ठेवली. नंतर उठले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

पुढचं मला त्या ड्रायव्हरनं सांगितलं. इच्छापोरला मास्तर हमालांच्या घोळक्यात जेवायला बसले होते. शेठना पाहून त्यांनी जो विचारायचा तोच प्रश्न विचारला. शेठ जेवलेले नव्हते. मास्तरांनी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. पहिल्याच घासाला शेठच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते ठेच्यामुळे होतं असं ड्रायव्हरचं ठाम मत होतं, आणि आपण त्यावर वाद घालू नये.

मास्तर परत आले. येताना त्यांची एकच अट होती. शेठनी ती पाळलीसुद्धा, पण फार अवघडून. सुकलालपाशी जाऊन ते उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, “उस दिन अच्छा किया था.” सुकलालनं हातातल्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली, परत मोडली, परत घातली. मास्तर तोंड फिरवून चष्मा पुसत होते, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत होते.

त्यानंतर ते आणखी काही वर्षं राहिले. नजर अधू झाली तसं त्यांनी काम सोडलं आणि अमळनेरकडच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. ते परत कधी सुरतेला आले नाहीत.

निरोप द्यायला सगळं खातं उधना स्टेशनवर आलं होतं. भुसावळच्या पॅसेंजरमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. सुकलालनं हार आणला होता, तो घालायचा धीर न होऊन त्यानं तो खिडकीतून नुसताच आत दिला. गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, कोणी गाडीबरोबर चालू लागलं.

मास्तरांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीचं गाठोडं वर ठेवायचं राहिलं होतं. ते आमच्याकडे पाठ करून, टाचा उंचावून, ते गाठोडं फळीवर ढकलत होते आणि तिला काहीतरी विचारत होते.