आरपार जाणारे खेळाडू

बेसबॉल आमच्या पेणमध्ये कोणी खेळत नाही, आणि रोह्यातही नाही. मी मात्र सात महिने, दर रविवारी, रोह्याला आत्याच्या घरी बेसबॉल खेळलो. तोही मांडी घालून.

आत्याचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो खाटेवर पडला होता. त्याचा वेळ जावा म्हणून मी पेणच्या एका दुकानातून टीव्हीला जोडायचा जुना गेम आणला. त्याच्याबरोबर एकच डिस्क मिळाली. क्रिकेट, फुटबॉल लोकांनी केव्हाच उचललं होतं. बेसबॉलच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं.

नियम समजावणारं कोणी नव्हतं. आम्ही दोघं कबड्डीवाले, त्यामुळे कुठल्याही खेळात आम्हाला कबड्डीच दिसायची. बेसबॉलमध्ये फलंदाज मैदानाला फेरी मारून परत मूळ जागी येतो, आणि तिथे चिलखत घातलेला एक जाडा उकिडवा बसलेला असतो. म्हणजे हा पकडीला बसलाय आणि ती जागा म्हणजे मध्यरेषा, असं आम्ही ठरवूनच टाकलं. मग काय, जो धावत येईल त्याला सरळ त्या जाड्यावर घालायचा. पंधरा दिवसांनी कळलं की जाड्याला आडवं केल्याचा गुण मिळत नाही. तरी आम्ही त्याला आडवं करत राहिलो, कारण मजा त्यातच होती.

दादाला एकाच गोष्टीचा संताप यायचा. जाडा उताणा पडायचा आणि दुसऱ्या क्षणी कपडे झटकून उभा राहायचा. "ह्याला हाडं हायत का कापूस?" दादा टीव्हीकडे बघून ओरडायचा. क्वचित एखाद्याला दुखापत व्हायची, तर त्याच्या नावापुढे लाल फुली आणि पंधरा दिवसांची सुट्टी. एकदा आत्या चहा घेऊन आली. गुडघा गेलेला खेळाडू पंधरा दिवसांत परत धावतोय, हे तिला दादाने रागारागाने सांगितलं. आत्याने टीव्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "त्याचा डागदर कोन तो विचार रे. आपन तिकडंच जाव." आम्ही इतके हसलो की दादाचा पाय हलला आणि तो कळवळला. मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कारण तो गुडघा माझ्यामुळे गेला होता.

दादा आजोळच्या, म्हणजे आमच्या गावच्या संघातून खेळायचा. डाव्या कोपऱ्यात तो आणि त्याच्या शेजारी हाताला हात धरून मी. चढाई करणारा समोर असताना बोलता येत नाही, त्याला कळतं. म्हणून कोपऱ्यातला खेळाडू शेजाऱ्याचा हात दाबून सांगतो. एकदा दाबला तर 'तू जा', दोनदा दाबला तर 'तू थांब, मी जातो'. गावात हे सगळ्यांना लहानपणापासून येतं, कोणी शिकवत नाही. त्या दिवशी डोलवीकडच्या एका कंपनीची माणसं मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसली होती. कंपनीच्या संघात घेतलं की नोकरी पक्की. दादाचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं. चढाईवाल्याने पाय लांबवला आणि दादाने माझा हात दोनदा दाबला. स्पष्ट, जोरात. खुर्च्यांवरच्या माणसांनी मलाही बघावं म्हणून मी उडी घेतली. दादाने चढाईवाल्याचा घोटा आधीच धरला होता. मी आणि तो चढाईवाला, दोघांचं वजन दादाच्या गुडघ्यावर आलं.

सगळ्यांना मी सांगितलं, "हात सुटला व्हता, मला काय कळलंच नाय." सगळ्यांनी मानलं. कंपनीने दादाच्या जागी मला घेतलं.

तेव्हा मी दर रविवारी पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटी पकडायचो तो हे खोटं पोटात घेऊन. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी पुढच्या रविवारी मी परत एसटीत. एका दुपारी त्या गेममध्ये चेंडू खूप उंच गेला. माझे दोन खेळाडू दोन बाजूंनी त्याच्यासाठी धावले. आता हे एकमेकांवर आदळणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर दोघेही सुखरूप. ते एकमेकांच्या आरपार निघून गेले होते. दादाने तो प्रसंग चारदा मागे नेऊन बघितला. "बघ," तो म्हणाला, "एका संघातली मान्सं हितं आपटतच नाय." आणि तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पानी देऊ?"

पुढे दादा काठी सोडून चालायला लागला, थोडा लंगडत. घरच्या पिठाच्या गिरणीवर बसू लागला. माझ्या शिफ्ट सुरू झाल्या, मग लग्न, मग मुलगी. रविवार कधी गेले ते कळलंच नाही. लग्नकार्यात भेटायचो, कसं काय, बरं हाय, बस. पण कामावरून सुटून वडखळच्या नाक्यावर उभा असलो आणि रोह्याची पाटी लावलेली गाडी समोर आली, की अजून पाय तिच्याकडे वळायचे. ती खाट, तो चहा, तो जाडा, सगळं हवंसं वाटायचं. मला वाटायचं मला माफी हवी आहे.

या वर्षी मी नवा गेम घेतला, बेसबॉलचाच. बायको म्हणाली, दुनियेत दुसरा खेळ नाय का? या नव्या गेममध्ये जाड्याला आपटायचं बंद झालंय. धावणारा त्याला चुकवून घसरत जातो. मात्र एका संघातले दोघे समोरासमोर आले तर आता खरोखर आदळतात. मी तो पिशवीत घातला आणि सुट्टीच्या दिवशी रोह्याला गेलो.

दादाच्या भुवयांवर पीठ होतं. त्याने पिशवीतला गेम बघितला, गिरणी बंद केली आणि घरी येऊन टीव्हीसमोर बसला. अर्ध्या तासाने ते झालंच. दोघे आदळले आणि एक जण गुडघा धरून तसाच पडून राहिला. डॉक्टर धावत आला. आम्ही दोघंही बघत बसलो.

"दादा," मी म्हटलं, "तू दोनदा हात दाबला व्हतास. मला कळलं व्हतं."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"हात माझाच व्हता ना." त्याने गेम थांबवला. "तवा इचारलं असतं तर तू कबूल झाला असतास. रडला असतास, मोकळा झाला असतास, आन् मग यायचा बंद झाला असतास. खाटेवर पडून मी दुसऱ्या कोनाची वाट बघनार व्हतो? म्हनून नाय इचारलं." मग तो म्हणाला, "तसा बी तू बंद झालासच."

 इतकी वर्षं मी समजत होतो की तिथे जाऊन मी त्याला फसवतोय. तो तर मला धरून ठेवत होता. आणि मी मात्र गुडघा बरा झाला म्हणून, काम संपल्यासारखा, निघून आलो होतो.

आमच्या घराण्यात पुरुष एकमेकांना असलं काही बोलत नाहीत. मी टीव्हीकडे बघत म्हटलं, "दादा, मला तुझी लय आठवन येते रे."

तोही टीव्हीकडेच बघत होता.

"मग येत का नाय?" तो म्हणाला.