श्रद्धांजलीचं बटण

ओझरच्या विमान कारखान्यात मी असेंब्लीला होतो. तिथे हत्यारांचा एक फळा असायचा. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती त्यावर रंगवलेली, आणि ज्याची जागा त्यानेच घ्यायची. हात गेला की हत्यार सापडलंच पाहिजे. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. स्वयंपाकघरातले झारे मी लहानमोठे बघून ओळीने टांगले, तेव्हा बायकोने ते काढून परत एका डब्यात कोंबले आणि म्हणाली, "हा कारखाना नाय."

मग तिच्या सुदैवाने आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा ब्लॉग माझ्या गळ्यात पडला. विमानं जोडणाऱ्याला कॉम्प्युटर येतच असणार, असा समितीचा समज. ब्लॉगला एक आतली बाजू असते, तिला ॲडमिन म्हणतात. नवा मजकूर टाकायचा, जुना दुरुस्त करायचा, लोकांच्या प्रतिक्रिया मंजूर करायच्या, सगळं तिथून. तिथे पोचायला आधी लॉगिन, मग डावीकडची यादी, तिच्या पोटातली आणखी एक यादी, आणि दर वेळी गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. माझं डोकं फिरायचं.

पुढे कळलं की आतल्या प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो, आणि तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत बटणासारखा ठेवता येतो. मी त्या पट्टीचा फळाच करून टाकला. पहिलं बटण नव्या मजकुराचं, शेजारी प्रतिक्रियांचं, त्यापुढे फोटोंचं. प्रतिक्रियांच्या पानावर तर माउसही लागत नाही. एक अक्षर दाबलं की प्रतिक्रिया मंजूर, दुसरं दाबलं की कचऱ्यात. संघाच्या सचिवांनाही मी हे सगळं शिकवलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, आणि कुठल्याही गोष्टीत 'बरं दिसतं का' हे आधी बघणारे. त्यांच्या मशीनवर ही बटणं मीच बसवून दिली.

सभासद सगळे साठीच्या पुढचे, त्यामुळे आमच्या ब्लॉगवर सहलींपेक्षा श्रद्धांजल्या जास्त. माणूस गेला की घरचे फोटो पाठवायचे आणि लगेच विचारायचे, टाकलं का. त्याचीही सोय मी शोधली. पत्त्याच्या शेपटाला मजकूर जोडून ठेवला की नवं पान तो मजकूर घेऊनच उघडतं. मग नाव, गाव आणि फोटो घातला की झालं. अशी दोन बटणं केली, सचिवांच्या मशीनवरही बसवली. पुरुष कष्टाळू आणि परोपकारी, बायका मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या. आता चहा गार व्हायच्या आत आपली श्रद्धांजली होते, असं अध्यक्ष सभेत म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त माझ्या बायकोने. ती सिन्नरची. इतकी वर्षं नाशकात काढून तिचं बोलणं सिन्नरचंच राहिलं. रोज पेपर संपला की ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून ब्लॉग वाचायची. एकदा एका ओळखीच्या बाईंची श्रद्धांजली वाचून ती म्हणाली, "ही लय मनमिळाऊ झाली हो मेल्यावर. जन्मभर शेजारणीला नळाला हात लावू दिला नाय हिने." मी म्हणालो, घरच्यांना बरं वाटतं. 

"माझ्या टायमाला तेवढं मनमिळाऊ लिहू नका," ती म्हणाली. "लोक हसतील. खरं असंल ते लिहा, नायतर काहीच लिहू नका."

मी लिहीन म्हणालो. खरं लिहायला तिच्याबाबतीत काही कमी नव्हतं. हुरड्याच्या सहलीत अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हा तिने सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं की हुरडा गार झाला, आता आटपा. देवळात ती जायची, पण देवाशीही तिचं भांडणच चाललेलं असायचं. मनमिळाऊ हा शब्द तिच्या आसपासही फिरकला नसता.

ती गेली सकाळी, दवाखान्यात. मी संघात फक्त एक फोन केला, सचिवांना. दुपारी अमरधामहून परत येऊन अंघोळ केली आणि मोबाइल बघितला, तर ब्लॉगवर तिचा सहलीतला फोटो होता. आम्ही तिला घेऊन घराबाहेर पडण्याआधीच ते टाकून झालं होतं. फोटोखाली लिहिलं होतं की त्या मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या होत्या. माझीच वाक्यं, मीच घातलेले स्वल्पविराम. सचिवांनी तिचं नाव आणि सिन्नर एवढं भरलं होतं. मला त्यांचा राग आला. त्यांनी सगळं मी शिकवलं तसंच केलं होतं, याचा जास्त आला.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दशक्रिया झाली, पाहुणे गेले, आणि मी कॉम्प्युटरपुढे बसलो. ते वाक्य पुसलं आणि लिहिलं: 'ती बोलायला फटकळ होती. ज्याचं चुकलं त्याला तोंडावर सांगायची, त्यात मीही आलो. तिच्याशी भांडून गेलेला माणूस पुन्हा तिच्याच हातचा चहा प्यायला यायचा.' एवढं लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

संध्याकाळी बघतो तर मनमिळाऊ परत आलेलं. मी पुन्हा बदललं. थोड्या वेळात ते पुन्हा जसंच्या तसं. जुन्या आवृत्त्यांच्या यादीतून आधीचा मजकूर परत कसा आणायचा, ती युक्तीही सचिवांना मीच दाखवली होती. मग त्यांचा फोन आला.

"भाऊसाहेब, फटकळ बरं दिसत नाही," ते म्हणाले. "लोक म्हणतील, घरात पटत नव्हतं."

मी आवाज चढवून म्हणालो की माझी बायको होती, फटकळच होती, आणि तिने स्वतः मला बजावलं होतं. 

"मग बाकीच्यांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "आपण सगळ्यांना तेच लिहिलं. तुमच्या घरच्यांचं तेवढं वेगळं लिहिलं, तर उद्या लोक मला विचारतील, आमची आई कशी होती ते का नाही विचारलंत."

 मी फोन ठेवला आणि तिचं पान पुन्हा बदललं नाही. तिच्यासाठी माझ्या पट्टीतून बायकांच्या श्रद्धांजलीचं बटण मी काढून टाकलं, पण सचिवांच्या मशीनवर ते आहे आणि राहणार आहे. पुढच्याच आठवड्यात आणखी एक बाई मनमिळाऊ झाल्या.

प्रतिक्रिया मात्र अजून माझ्याकडेच येतात. तिच्या फोटोखालच्या सगळ्या मीच मंजूर केल्या, ते एक अक्षर दाबत दाबत. काकू फार मनमिळाऊ होत्या, असं जिने लिहिलं होतं तिच्याशी ही कित्येक वर्षं बोलत नव्हती. ती प्रतिक्रियाही मंजूर केली. लोक हसतील, असं ती म्हणाली होती. कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी हात जोडले होते.