भोंग्यातून आत्या

मी गायिका झाले नाही. याचं श्रेय बाबांनी दुकानासाठी घेतलेल्या भोंग्याला जातं. (आई म्हणते, श्रेय माझ्या गळ्यालाच जातं. पण आईचं सोडून देऊ.)

तेव्हा मी गोंदियाला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या संगीत मंडळाची सचिव होते. सचिव कशी झाले, तर निवडीच्या बैठकीला मी एकटीच वेळेवर पोचले होते. मंडळाचे प्रमुख असलेले सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गाणं ऐकवलं की झाडं जोमानं वाढतात, असं ते एकदा बोलून गेले आणि प्राचार्यांनी लगेच संगीत मंडळ त्यांच्या गळ्यात घातलं. गिटारवर सोहेल, ढोलकीवर प्रफुल आणि गायला मी, असा आमचा संच. तुमचं गाणं ऐकणाऱ्या माणसांपेक्षा झाडं नशीबवान, त्यांना पळून जायची गरज वाटत नाही, असं सर म्हणायचे.

त्या वर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आमच्या कॉलेजातून कुठल्याही कलाप्रकारातला एक गट निवडायचा होता. त्यासाठी विद्यापीठाकडून एक मॅडम येणार होत्या आणि त्यांच्यासमोर आमचा भर दुपारचा जाहीर कार्यक्रम! मी महिनोन् महिने हळदीच्या गुळण्या करत होते. दही, लोणचं, चिंच, भांडण, सगळं बंद! (भांडण दोन दिवसांत पुन्हा सुरू झालं.) महोत्सवात गायचं म्हणजे गायचंच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच साउंडवाल्याचा फोन आला.

"मॅडम, आज जमणार नाही. लग्नाची दाट तिथी आहे. नवरदेव म्हणते, डीजे आल्याशिवाय मी घोड्यावर चढतच नाही."

"अहो, पण आमचा कार्यक्रम?"

"तुमचा उद्या करा ना. नवरदेवाचा उद्या कसा करणार?"

डोळे पुसत मी स्कूटीवरून कुडव्याला घरी आले. घराच्या पुढच्या खोलीतच बाबांचं कापडाचं दुकान. बाबा परकराचं कापड फाडत होते.

"काऊन रडून राह्यली?"

"साउंडवाला येत नाही म्हणते, बाबा. आता सगळं संपलं."

"संपलं कायले? आपला भोंगा हाये ना!"

आपला भोंगा म्हणजे माझ्या खांद्याइतका उंच, खाली चाकं असलेला स्पीकर. लाल-हिरवे दिवे लागले की दुकानात जत्रा भरल्यासारखं वाटायचं. आत एक बाईही होती. कुठलाही फोन जोडला गेला की ती नाकातून ओरडायची, "ब्लूटूथ कनेक्टेड!" दोन्ही हात कापडात असताना फोनवर बोलता यावं म्हणून बाबांनी मुद्दाम आत माइक असलेला भोंगा निवडला होता. शिवाय लाइट गेली तरी तो बॅटरीवर दिवसभर चालायचा. (वीज तिरोड्याला तयार होते आणि आमची आत्याही तिरोड्यालाच राहते. दोघी आमच्याकडे आपापल्या मर्जीनं येतात.)

"बाबा, तो साड्या विकायचा भोंगा आहे!"

"आवाजाले का मालूम, साडी हाये का संगीत!"

बाबांनी दुकान बंद केलं, भोंगा ऑटोत आडवा घातला आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तसं त्याचं डोकं मांडीवर घेऊन कॉलेजात आले. "याची सवय फक्त मलेच हाये," असं म्हणत लग्नातला कोट घालून ते पहिल्या रांगेत बसले.

हॉल गच्च भरला होता. विद्यापीठाच्या मॅडम तेवढ्या यायच्या होत्या. सर म्हणाले, "त्या वाटेत आहेत, तुम्ही सुरू करा." सोहेलनं बटण दाबलं. लाल-हिरवे दिवे लागले, मी हात जोडले आणि हॉलभर बाबांचा आवाज घुमला.

"चला, चला, चला! साडीवर ब्लाउज पीस फुकट! आज नाही तर कधीच नाही!"

पेनड्राइव्ह! दुकानातला पेनड्राइव्ह भोंग्यातच राहिला होता! हॉल हसून हसून वाकडा झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "साइज क्या है, भैया?" बाबा उठून मागे वळले आणि म्हणाले, "सब साइज है." सोहेलनं पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकला.

"टेन्शन मत ले, मनीषा. अभी तानपुरा लगा."

तानपुरा माझ्या फोनमध्ये होता. फोन जोडला, बाई नाकातून ओरडली, तानपुरा सुरू झाला. मी डोळे मिटून आलाप धरला. पण सकाळपासून साउंडवाल्याला विनवण्या करण्यात माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. आलाप जेमतेम वर चढतो न चढतो तोच फोन मेला. तानपुरा गेला. "ब्लूटूथ डिसकनेक्टेड!" मी निर्धारानं गात राहिले. क्षणभरानं बाई पुन्हा ओरडली, "ब्लूटूथ कनेक्टेड!"

आता हिला कोण मिळालं, असा विचार मनात येईपर्यंत ऐन आलापात कोंबडा आरवला.

ती बाबांच्या फोनची रिंगटोन होती; दुकानातल्या सवयीनं तो आपणहून भोंग्याला जोडला गेला होता. (सोहेलनं नंतर कबूल केलं की त्याला आधी तो माझाच आवाज वाटला.) बाबा गडबडीनं उठले. चारचौघांत फोनवर बोलू नये एवढी रीत त्यांना होती, म्हणून फोन उचलून ते बाजूच्या दारात गेले. फोन कानाला, बोलणं मात्र भोंग्यातून!

"गण्या! कवाची फोन करून राह्यली मी!"

तिरोड्याची आत्या! बाबांची मोठी बहीण. तिचा आवाज फोन न लावताही गोंदियात ऐकू जाऊ शकतो, आणि आता तर तिच्या हाती भोंगा!

दारातून बाबा ओरडले, "हॅलो! ताई, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं!"

"मी ऐकून घ्याले नाही, सांगाले फोन केला! रविवारी पोराकडचे येऊन राह्यले मनूले पाहाले. पोहे तुझ्या बायकोनंच करावे. मनूच्या हातचे नको. मागच्या खेपेले पोह्याचा गोळा झाला होता!"

मी सोहेलकडे पाहून मानेनं खुणावलं, बंद कर! त्यानं हाताला लागलेलं पहिलं बटण फिरवलं. ते घुमाऱ्याचं होतं.

"गोळा... गोळा... गोळा..." आत्या हॉलभर घुमली.

प्रफुलनं धावत जाऊन वायरच उपसली. भोंगा बॅटरीवर गेला आणि आवाज थोडा वाढल्यासारखा वाटला.

"आन् तिले गाणं म्हण म्हणू नको... नको... नको! माह्या घरी गायली तं शेजारीण पळत आली, का झालं म्हणून... म्हणून!"

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. भोंग्याला माइक आहे हे आठवलं आणि मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"आत्या, मी मनू बोलून राह्यली. फोन ठेव!"

"तू? बाप कुठं हाये?"

"दारात आहेत. मी स्टेजवर आहे."

"इष्टेजवर कायले चढली? उतर खाली!"

"मत उतरो!" सगळा हॉल एका सुरात ओरडला. (माझ्या सगळ्या कार्यक्रमात सुरात झालेली ही एकच गोष्ट.)

"कोण हाये तिथं?"

"लोक आहेत, आत्या."

"किती?"

"पूर्ण हॉल भरलाय."

भोंगा गप्प झाला. मला वाटलं, आत्या लाजली. पण आत्या पदर सावरत असावी.

"नमस्कार बाप्पा सगळ्याईले!" ती गोड आवाजात म्हणाली. "जेवले का?"

"नाही!"

"पोरगी गाऊन राह्यली का?"

"हो!"

"सहन करा मग!"

तेवढ्यात बाबांना सगळा प्रकार उमगला. ते धावत स्टेजवर आले, भोंग्याला मिठी मारली आणि मागचं बटण दाबून त्याला कायमचं झोपवलं. मग घामाघूम होऊन लोकांकडे वळले. काहीतरी बोलायलाच हवं होतं, तर म्हणाले, "पोहे ती आता चांगले करते."

टाळ्या थांबेनात! मी तिथेच, गुडघ्यावर बसल्या बसल्या रडू की हसू करत होते. महोत्सव गेला, गाणं गेलं, रविवारची मंडळी तर नक्कीच गेली. (गेलीच. मुलाची चुलतबहीण तिसऱ्या रांगेत बसली होती म्हणे.) बाबा माझ्याशेजारी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "माह्यामुळं झालं, बाई. फोन बंद करून याले पायजे होतं." त्यांचा कोट खांद्यावर उसवला होता. त्यांच्यावर चिडावं असं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

आणि पाहते तर काय, मागच्या दाराजवळ सरांच्या शेजारी विद्यापीठाच्या मॅडम उभ्या राहून डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या! माझा आलाप चालू असताना, कोंबडा आरवायच्या जरा आधी त्या आत आल्या होत्या. आधीचं त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. त्या तडक स्टेजवर आल्या.

"काय सुंदर बसवलंय! फोनवरच्या बाईचं टायमिंग तर लाजवाब! सर, तुमच्या कॉलेजची निवड पक्की. प्रहसन गटात!"

सरांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग अभिमानानं म्हणाले, "मुलांनी खूप मेहनत घेतली."

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आणि बाळ, बेसूर गाणारी मुलगी तू काय हुबेहूब उभी केलीस! इतकं ठरवून बेसूर गायला आतून सूर पक्का लागतो."

"थँक यू, मॅडम," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

विद्यापीठात आम्ही तेच प्रहसन केलं. तिथं फक्त विद्यार्थ्यांना परवानगी होती, म्हणून प्रफुल बाबांचा कोट घालून बाबा झाला आणि सोहेलनं पडद्यामागून आत्याचा आवाज काढला. (आत्यानं त्याची रोज फोनवरून शिकवणी घेतली. "आवाज पोटातून काढ, बाबू!") मी आरशासमोर उभी राहून बेसूर गाण्याचा कसून सराव केला.

आमचा नंबर आला नाही. निकालानंतर परीक्षकांनी मला बाजूला बोलावून चूक समजावून सांगितली, "बाकी सगळं झकास होतं. पण तू मधूनमधून सुरात येत होतीस, त्यानं मजा गेली."

माझ्या सुराला आयुष्यात मिळालेली ती एकमेव दाद, आणि तीही तक्रार म्हणून!